सोमवारची सही

मालतीबाईंनी मुलाचा शर्ट गॅलरीच्या कठड्याबाहेर धरला आणि तीनदा झटकला. काही पडलं नाही. कॉलर उलटून पाहिली, आणखी एकदा झटकला, मग बादलीत टाकून दिला.

गुरुदत्त कलकत्त्याजवळच्या बजबजच्या ज्यूट मिलमध्ये, विणकाम खात्यात कारकून. अकरा वर्षं तो कॉलरमध्ये, खिशात, भुवयांतसुद्धा तागाचे तंतू घेऊन घरी यायचा. सून आली तरी हे काम त्यांनी तिच्याकडे दिलं नव्हतं. प्रेमलताला झटकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. गेले तीन आठवडे मात्र शर्टातून नुसती हवा पडत होती. मुलगा रोज आठच्या गाडीने बालीगंजहून जात होता, दिवेलागणीला परतत होता, डबा रिकामा येत होता. त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी गुरुदत्त बाजारात गेला असताना मिलमधला नृपेनबाबू आला. घरात सगळं ठाऊक असणार असं धरूनच तो बंगालीत बोलू लागला. या आठवड्यात आणखी दोन खाती बंद झाली, ले-ऑफ देऊन बसवून ठेवलेल्यांची रांग पार नदीच्या घाटापर्यंत गेली. आजवर अर्धा पगार मिळवायचा तर प्रत्येकाने रोज फाटकावर येऊन सही करायची, नाही आला तर तो दिवस गेला. आता इतक्या माणसांच्या सह्या घेणार कोण? साहेबाने नियम सैल केला. या सोमवारपासून आठवड्यातून एकदाच, फक्त सोमवारी.

"सांगा त्याला, माशीमा," नृपेन म्हणाला. "सही करून दिवसभर घाटावर बसून असतो. घरी जा म्हटलं तर नुसता हसतो."

"सांगते. चहा घ्या."

 चहा ओतताना, थंडी तुम्हा लोकांच्या फक्त कानातूनच शिरते का, असं त्याच्या मफलरवरून त्यांनी त्याला छेडलं. तो हसत जिना उतरला.

त्यांनी मुलाला काही सांगितलं नाही.

दिवाळीत याच खोलीत त्यांचा पुतण्या श्यामकांत बसला होता. त्याची नोकरी सुटून दोन महिने झाले होते. फराळाला आलेल्या चार बायकांदेखत मालतीबाई म्हणाल्या होत्या, "दहा वाजता पुरुष घरात दिसला की मला बाई सुतक आल्यासारखं वाटतं." बायका हसल्या. श्यामकांतने कप खाली ठेवला, तो पुन्हा हा जिना चढला नाही. गुरुदत्त तेव्हा शेजारीच संत्रं सोलत होता. सोललं, फोडी बशीत मांडल्या, आणि एकही खाल्ली नाही. हे त्यांना आता आठवलं.

सांगावं, तर आईला कळलंय हे त्याला कळणार, आणि तो या घरात त्या वाक्यासमोर बसून राहणार. न सांगावं, तर उद्या फाटकावर कळेलच. मग मंगळवारी जाणार कुठे?

सोमवारी तो गेला, संध्याकाळी आला, खाली मान घालून जेवला.

मंगळवारी अंघोळ करून त्याने कोट चढवला. प्रेमलताने त्याच्याकडे न बघता डबा हातात दिला. दारात बसून त्याने बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. स्टेशनात आठच्या गाडीची शिटी वाजली. तो उठला, पण त्याने घाई केली नाही.

मालतीबाई आतून आल्या आणि सरळ उंबरठ्यावर बसल्या. उंबरठ्यावर कुणी टेकलं तरी त्या आजवर खेकसत आल्या होत्या.

"आई, उंबरठ्यावर?"

"पाय चालत नाही माझा. धर मला."

त्याने त्यांना उचलून बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर निजवलं. पहाटे खालच्या नळावरून दोन भरलेल्या बादल्या त्यांनीच वर आणल्या होत्या, आणि प्रेमलताने ते पाहिलं होतं.  नवऱ्याच्या हातातला डबा काढून घेऊन तिने तो चुलीपाशी ठेवला.

दहा वाजता खालच्या मजल्यावरच्या दत्तबाबूंची बायको वर आली. बाबू आज घरी कसे, म्हणून तिने विचारलं.

"माझ्यासाठी थांबलाय," मालतीबाई खाटेवरून म्हणाल्या. "आईला अशी टाकून कामावर जाणाऱ्यातला नाही तो."

असा मुलगा मिळायला पुण्य लागतं, असं ती म्हणाली. तिच्या सासूचा पाय असाच धरला होता, महिनाभर खाटेवरून हलल्या नव्हत्या.

"महिना लागेलच," मालतीबाई म्हणाल्या.

ती गेल्यावर त्यांनी खोलीभर नजर फिरवली. आता नळ नाही, बाजार नाही, शुक्रवारी जोशींकडचं संक्रांतीचं हळदीकुंकू नाही. खाटेवरून दिसत होती ती समोरच्या घराची भिंत आणि तिच्यावरून गेलेला एक पाइप.

गुरुदत्त पायगती बसला.

"कोणता पाय, आई?"

हे त्यांनी ठरवलंच नव्हतं.

"डावा. आणि तो कोट काढून ठेव आधी, घरात कसला कोट."

त्याने कोट खुंटीला लावला आणि पाय चेपू लागला. 

"सोमवारी तेवढा जाऊन ये," मालतीबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "सोमवारी मला बरं असेल."

त्याचा हात थांबला. काही वेळाने तो पुन्हा चेपू लागला, पण उजवा पाय. मालतीबाईंनी त्याला चूक दाखवली नाही.