आप्पांची दुसरी स्क्रीन

शिरूरच्या एका ऑफिसात टेबलावर दोन स्क्रीन पाहिल्यापासून दूध संस्थेचे चेअरमन मच्छिंद्रआप्पा हट्टालाच पेटले होते. शेवटी ऑपरेटर सारिकानं त्यांचाच टॅब लॅपटॉपला जोडला आन् बैठकीत संचालकांकडं तोंड करून ठेवला.

"आप्पा, तुमच्या लॅपटॉपवरचं समदं इथं दिसंल बरं का."

"दिसू दे की! आपला कारभार पारदर्शक हाय!"

संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

दुधाच्या दराची चर्चा लांबली, तसं आप्पांनी कंटाळून लॅपटॉपवरूनच मेव्हण्याला मेसेज टाकला, 'ही मेंढरं चहा ढोसल्याबिगर हलायची न्हाईत.'

टॅबवर तो ठळक उमटला. तो वाचून सगळे खो खो हसले. प्रत्येकाला वाटलं, हे शेजारच्याबद्दलच लिहिलंय.

चहा झाल्यावर आप्पांची चेअरमनपदी पुन्हा बिनविरोध निवड झाली.