तक्रार न आल्यास

रेकॉर्डवाल्या काकांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही तक्रार केली नव्हती. तळघरातल्या रेकॉर्डरूमचा पंखा सहा वर्षं त्यांच्या डोक्यावर डुगडुगत होता, तर पंखा दुरुस्त करून घ्यायचं सोडून त्यांनी टेबलच चार फूट सरकवलं. चहा गार आला तर गार प्यायचा, बढती दुसऱ्याला मिळाली तर त्याचं अभिनंदन करायचं. असा माणूस ऑफिसात सगळ्यांना आवडतो आणि वेळेवर कोणाला आठवत नाही.

विमा कंपनीचं ऑफिस. तळघरात जुन्या दाव्यांच्या फायली, त्यांत लोकांच्या आजारपणाचे, मरणाचे कागद. म्हणून आत फोन न्यायला बंदी. सकाळी दाराशी लॉकरमध्ये ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत काढायचा. काकांचा फोन बटणांचा होता. आत असता तरी त्यात बोलण्यापलीकडे काही होण्यासारखं नव्हतं.

घरी काकू अंथरुणाला खिळून होत्या. अडीच वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, शब्दही निम्मे गेले. कामाला येणारी बाई सकाळी आवरून जायची ती एकदम एक वाजता यायची. मधले चार तास काकू एकट्या. या चार तासांचा घोर काकांना इतका लागला, की एकदा चुकीच्या माणसाची फाईल वर गेली आणि नवरा जिवंत असलेल्या एका बाईला विधवा म्हणून पत्र पोचलं.

तेव्हा नेटवर्क विभागाचे मास्तर खाली आले. ते काही शाळेत शिकवत नव्हते, पण समजावून सांगायची सवय होती म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांनी दार लोटून घेतलं आणि काय झालंय ते विचारलं. चार दिवसांनी काकूंच्या पलंगासमोर एक छोटा कॅमेरा बसला. ऑफिसचे संगणक जोडणाऱ्या स्विचमधून बाहेर काय जाऊ द्यायचं आणि आत काय येऊ द्यायचं याची जी यादी असते, तिच्यात मास्तरांनी एक नियम गुपचूप वाढवला. काकांच्या संगणकाच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी उघडली आणि तिच्यात काकू दिसल्या.

"याची वाच्यता करायची नाही," मास्तर म्हणाले. "कोणी विचारलंच, तर मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही."

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. नियम राहिला.

रोज अकरा वाजता काकू डावा हात वर करायच्या. काका मान हलवायचे. ती मान कोणाला दिसत नव्हती, पण हलवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. संध्याकाळी घरी गेले की म्हणायचे, "केलास हो हात, बघितला." काकू "हं" म्हणायच्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या माणसांना एवढं पुरतं.

मास्तरांच्या जागी नेटवर्कच्या नव्या बाई आल्या. हुशार, मोकळ्या स्वभावाच्या. स्विचमध्ये नवं सॉफ्टवेअर घालायचं ठरलं तेव्हा त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांना गोळा करून साध्या भाषेत सांगितलं. एक वाट तुटली तर आता स्विच स्वतःच दुसरी वाट शोधतील. ज्या यंत्राची ओळख पटणार नाही, त्याला दारातूनच परत पाठवतील. आणि गर्दी झाली तर आधी फोनवरचं बोलणं पुढे जाईल, मग संगणकावरचं काम, चित्रं सगळ्यात शेवटी.

"जुन्या यादीत दोनशे बारा नियम आहेत," बाई म्हणाल्या. "त्यातले सदतीस कोणाचे, कशासाठी, देव जाणे. पुढे एक अक्षर लिहिलेलं नाही. ते सोमवारी बंद करतोय. आमच्यात याला बोंब-चाचणी म्हणतात. बंद करायचं आणि कोण बोंबलतंय ते बघायचं. पंधरा दिवसांत कोणी बोंबललं नाही, तर त्याची गरज नव्हती असं धरायचं."

सगळे हसले. काकाही हसले, आणि मग त्यांना मास्तरांचा नियम आठवला.

सोमवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी खिडकी काळी झाली.

दुपारी परिपत्रक खाली आलं. "ज्यांचे काही बंद पडले असेल त्यांनी पंधरा दिवसांत कळवावे. तक्रार न आल्यास गरज नाही असे समजण्यात येईल." काकांनी सही करून ते परत पाठवलं. तक्रार करायची म्हणजे मास्तरांचं नाव निघणार. गेलेल्या माणसाने चोरून उपकार केला, त्याचा पंचनामा मांडायचा. आणि मांडून म्हणायचं काय? ऑफिसच्या वेळात मी बायकोकडे बघत होतो? विचार करूनच त्यांचे कान तापले. शिवाय खरं सांगायचं तर, त्यांना तक्रार करताच येत नव्हती. कोणाला पोहता येत नाही, तसं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. चित्र बंद पडलंय म्हटलं तर एकटीचा धीर सुटेल, असं काकांना वाटलं. म्हणून ते बुटाची नाडी सोडत म्हणाले, "केलास हो हात, बघितला."

काकूंनी कॅमेऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हं."

एकदा बोललेलं खोटं दुसऱ्या दिवशी सोपं जातं आणि तिसऱ्या दिवशी सवय होते. काका रोज अकराला काळ्या खिडकीकडे बघून मान हलवायचे आणि संध्याकाळी तेच वाक्य बोलायचे. दुपारी सुट्टीत लॉकरमधून फोन काढून घरी लावायचे. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा आणि एक "हं".

दोनदा ते जिना चढून वर गेले. एकदा नेटवर्कच्या खोलीचं दार बंद होतं, तर त्यांना हायसं वाटलं. दुसऱ्यांदा दार उघडं होतं, तर आत माणसं होती म्हणून परतले.

अकराव्या दिवशी कामाची बाई एक वाजता आली तेव्हा काकू पलंगाच्या कडेला अर्ध्या लोंबकळत होत्या. पाण्याचा तांब्या कलंडला होता, गादी भिजली होती, अंगावरचं लुगडं गार पडलं होतं. दहा वाजल्यापासून त्या तशाच होत्या. खिडकी चालू असती तर काकांनी दहा वाजून एका मिनिटाने लॉकर गाठून शेजाऱ्यांना फोन केला असता. दुसऱ्या दिवशी ते जिने धडाधडा चढून थेट बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. बाई एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने काहीतरी टाइप करत होत्या. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"या काका. तुमचं काही बंद पडलंय का?"

समोरून एवढा सरळ प्रश्न आला होता. होय म्हणायचं, बस. काका म्हणाले, "छे छे. आमचं काय बंद पडणार? सहज आलो होतो, पंख्याचं सांगायला."

खाली येऊन त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरोखर मारली, आवाज होईल अशी.

सोळाव्या दिवशी दुसरं परिपत्रक आलं. "कोणाचीही तक्रार न आल्याने सदतीस निरुपयोगी नियम कायमचे काढून टाकले आहेत. सहकार्याबद्दल आभार." निरुपयोगी हा शब्द त्यांनी तीनदा वाचला. मग वर गेले, खुर्चीत बसले आणि बाईंना सगळं सांगितलं. मास्तर, कॅमेरा, गादी, सगळं. सांगताना ते टेबलावरच्या पेनच्या टोपणाशी बोलत होते.

बाईंनी जुनी यादी उघडली. "एकशे चौऱ्याण्णव. हा तुमचा होता?" त्यांचा चेहरा उतरला. "काका, पंधरा दिवस! मी तोंडावर विचारलं होतं तुम्हाला. एक शब्द बोलायचा होता."

"हो ना," काका म्हणाले.

"तसाच्या तसा आता नाही देता येणार. कॅमेऱ्याची नोंद करू, कारण लिहू, साहेबांची सही घेऊ. रीतसर. आठ-दहा दिवस लागतील. कॅमेरा कोणता आहे?" काकांनी वर्णन केलं. "असाच माझ्या आईकडे आहे. पुढे लाल दिवा असतो तोच ना? कोणी बघत असलं की लागतो तो?"

"दिवा? मी तर कधी लागलेला बघितला नाही."

"तुम्हाला कसा दिसेल? तुम्ही घरी असताना बघणारं कोण असतं?"

काका खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

काकू वीस वर्षं याच ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. दिवा लागला की लाइनवर माणूस आहे, विझला की गेला, हे त्यांना झोपेत कळायचं. काकांशी ओळखही त्या बोर्डावरूनच झाली होती. अशा काकूंच्या डोळ्यांसमोर सोळा दिवस दिवा विझलेला होता. आणि रोज संध्याकाळी नवरा येऊन सांगत होता, केलास हो हात, बघितला.

घरी गेल्यावर काकांनी बूटही काढले नाहीत. "अगं, ते बंद होतं. ऑफिसातून बंद केलं होतं. मी रोज खोटं बोललो."

"माहीत... आहे," काकू म्हणाल्या. "दिवा... नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "वाटलं... कंटाळलात. बघून... बघून." मग म्हणाल्या, "मी हात... केलाच नाही. एकदाही."

काकांनी त्यांचा तो हात धरला. काकूंनी तो काढून घेतला नाही, पण त्यांचा हात धरलाही नाही.

अर्ज मंजूर व्हायला नऊ दिवस लागले. अर्जात "गरज" असा रकाना होता, त्यात काकांनी आयुष्यात पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या. दहाव्या दिवशी सकाळी बाई स्वतः खाली आल्या. खिडकी उघडली. नव्या व्यवस्थेत तिचा नंबर सगळ्यात शेवटी होता, त्यामुळे वरच्या मजल्यावर फोन वाढले की चित्र अडखळायचं. पण काकू दिसत होत्या. त्यांची नजर कॅमेऱ्यावर होती, म्हणजे दिवा लागला होता.

अकरा वाजले. काका वाट बघत राहिले. काकूंनी हात वर केला नाही. साडेअकरा झाले, बारा झाले. काकू दिव्याकडे बघत पडून होत्या. एक वाजता कामाची बाई आली तरी हात चादरीवरच होता.

संध्याकाळी काका दारातून आत आले, तशा काकूच आधी बोलल्या. "आज... अकराला... हात केला. दिसला?"

काकांच्या जिभेवर "दिसला" आलंच होतं. ते गिळून म्हणाले, "नाही. केलाच नाहीस तू. मी एक वाजेपर्यंत बघत होतो."



"म्हणजे... आज... होतात," त्या म्हणाल्या.

काकांना वाटलं, मिटलं. उद्यापासून पूर्वीसारखं.

दुसऱ्या दिवशी अकराला हात वर झाला नाही. बारा वाजून सात मिनिटांनी झाला. त्याच्या पुढच्या दिवशी पावणेदहाला. मग एक दिवस झालाच नाही. आणि रोज संध्याकाळी, काका बूट काढत असताना, काकू पलंगावरून विचारायच्या, "किती... वाजता?"

टेबलावर फायली साचत चालल्या. काका नऊपासून एक वाजेपर्यंत कोपऱ्यातल्या तिकिटाएवढ्या खिडकीवरून नजर काढत नाहीत. चित्र अडखळलं की त्यांना घाम फुटतो, कारण नेमका तेव्हाच हात वर झाला असेल तर संध्याकाळी सांगायचं काय?