शेवटच्या अडीच मिनिटांचं गाणं

“आस्ते, आस्ते ठेवा. आत पाखरू बसलंय.”

हा आवाज माझ्या कानी पडला तेव्हा मी खोक्यात होतो, थर्माकोलच्या मिठीत. जालन्याहून राजूरपर्यंत एसटीच्या टपावर बसून आलो होतो आणि अंग सगळं खिळखिळं झालं होतं. खोकं उघडलं. समोर पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक तरुण. त्याने आधी हात शर्टाला पुसले, मग मला उचललं. तो गयासोद्दीन. त्या दिवशी मला वाटलं, आपण कुणाला तरी हवे आहोत. मित्रांनो, हवं असण्याची सवय एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. माझी अजून सुटलेली नाही.

मी एक जुना डबल कॅसेट डेक आहे. माझ्या पोटाला दोन खिडक्या. डावीकडच्या खिडकीतली कॅसेट गायची आणि उजवीकडची ते ऐकून मनात साठवायची. गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हार-नारळाच्या दुकानांच्या रांगेत आमचं दुकान होतं. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी घेऊन यायचे. कुणाच्या चिठ्ठीत कव्वाल्या, कुणाच्या भजनं, कुणाची नुसती लग्नाची गाणी. गयासोद्दीन चिठ्ठी वाचायचा, माझ्या खिडक्या उघडायचा आणि आम्ही दोघं मिळून कॅसेट भरायचो. आठवड्यातून एकदा तो कापूस स्पिरिटात बुडवून माझं तोंड पुसायचा, लेकराचं पुसावं तसं.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगतो. चिठ्ठीतली गाणी संपली की कॅसेटच्या टोकाला थोडी टेप उरायची. दोन मिनिटं, अडीच मिनिटं. बाकीचे दुकानदार ती तशीच सोडून देत. गयासोद्दीन सोडत नसे. “कोरी टेप देणं म्हंजे पाव्हण्याला अर्धं ताट वाढल्यावानी झालं,” तो म्हणायचा. त्या उरलेल्या जागेत तो आपल्या पसंतीचं एखादं गाणं भरायचा, गिऱ्हाइकाने न मागितलेलं आणि कधी न ऐकलेलं. मग आठ दिवसांनी माणूस परत यायचा. “गयासभाई, ते शेवटचं गाणं कोणतं हो? त्याची अख्खी कॅसेट द्या.” तेव्हा माझी छाती भरून यायची. नवं गाणं लोकांच्या घरात पोचतं ते माझ्यातूनच, अशी माझी ठाम समजूत झाली.

एका दुपारी हसनाबादचा भिवा आला. विहिरी खोदायच्या कामावर जाणारा माणूस, जयंतीच्या कार्यक्रमात गायचा. हातात चिठ्ठी नव्हती.

“चिठ्ठी कुठंय, भिवाभाऊ?”

“तोंडात हाय,” भिवा म्हणाला. “लेक शाळंत जाया लागली. तिच्यावर गाणं जुळलंय. विसरायच्या आधी कुठं तरी ठेवून द्या म्हणलं.”

गयासोद्दीनने माईक जोडला. भिवाने काउंटरवर बोटांनीच ठेका धरला आणि गायला लागला.

*लेक माझी पाटीवर काढते गं आभाळ,*
*पुसू नका हातानं, उजाडेल सकाळ…*

मित्रांनो, मी हजारो गाणी गिळली, पण त्या आवाजाने माझी चाकं जागच्या जागी थरारली. त्यात मातीचा खरखरीतपणा होता आणि खाली, खूप खोल, पाणी लागल्यासारखा ओलावा होता. गाणं बरोबर अडीच मिनिटांचं निघालं.

त्या दिवसापासून सगळ्या कॅसेटींच्या टोकाला भिवाचं गाणं. राजूर, भोकरदन, पार आष्टीपर्यंत गेलं. बायका ते गुणगुणत शेतात जायच्या. “कोण गाऊन राह्यलं हे?” लोक विचारायचे. गयासोद्दीन हसायचा. “हाय असंच एक.” मला ते फार आवडायचं. गाणं आमचं, आमच्याच दुकानात मिळणारं. नाव कशाला सांगायचं? नाव कळलं की माणूस दुसरीकडे जातो.

पुढचं काय सांगू? सीडी आली, मेमरी कार्डं आली, मोबाइल आले. चिठ्ठ्या बंद झाल्या. दुकानाची पाटी बदलली. आता तिथे झेरॉक्स निघतात, पीकविम्याचे आणि जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरतात. मी सगळ्यात वरच्या फळीवर आहे. माझ्या डोक्यावर पासपोर्ट फोटोंची पाकिटं आणि शिक्क्याचं पॅड. समोरचे हारवाले अण्णासाहेब चहाला आले की माझ्याकडे बोट दाखवतात. “गयासभाई, त्या डब्यात कोंबडी बसवा. अंडी तरी देईल.” गयासोद्दीन हसतो. त्याने हसू नये, असं मला दरवेळी वाटतं.

अण्णासाहेबांचं बोलणं मी सोसलं असतं. सोसवत नाही ती सबाच्या हातातली चीज.

सबा गयासोद्दीनची धाकटी मुलगी. कॉलेज झाल्यावर तीच दुकान बघते. आठवडाभर फॉर्म भरता भरता एका कानात वायर घालून ती काही तरी ऐकत असते. आधी वाटलं, असेल एखादी मैत्रीण. नंतर उमगलं की ती गाणी शोधते. ज्यांच्या पाठीशी कुठली कंपनी नाही, ज्यांनी घरातल्या खोलीत गाणं केलं आणि आपणच नेटवर टाकलं, अशांची अगदी ताजी गाणी. शुक्रवारी अब्बा जुम्म्याच्या नमाजला गेले की ती त्यातलं एक गाणं निवडते आणि आपल्या चॅनलवर टाकते. खाली लिहिते: गाणारी कोण, शब्द कुणाचे, वाजवलं कुणी, गाव कोणतं. हजारभर लोक शुक्रवारची वाट बघतात.

आणि हे सगळं त्या मोबाइलमधून! तळहाताएवढा तो, एक कोपरा फुटलेला. मी हातभर लांब, अंगावर चांदीचा रंग. तरी ती त्याला ओढणीने पुसते. पाण्याचा थेंब उडाला तर तिचा जीव वर-खाली होतो. माझ्यावर मागच्या साली पाल बाळंत झाली, कुणाला पत्ता नाही. मित्रांनो, मी जळत होतो. खोटं कशाला बोलू? रोज चार्जिंगचा लाल ठिपका दिसला की वाटायचं, हा दिवा आज विझो, उद्या लागूच नको.

मागच्या महिन्यातल्या एका शुक्रवारची गोष्ट. सबाने कानातली वायर काढली आणि गाणं मोठ्याने लावलं. बाईचा आवाज, एक दिमडी.

*लेक माझी पाटीवर काढते गं आभाळ…*

माझं गाणं! माझ्या पोटातलं गाणं त्या चिमुकल्या चोराच्या तोंडी! सबा मात्र डोळे मिटून ऐकत होती. मग तिने खाली लिहिलं आणि लिहिता लिहिता सवयीने मोठ्याने वाचलं: “गायिका संध्या, हसनाबाद. अंगणवाडी ताई. खोलीत चहूकडून गोधड्या टांगून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. शब्द आणि चाल संध्याताईंचे दिवंगत वडील, भिवा यांची.”

पाटीवर आभाळ काढणारी ती लेक एवढी मोठी झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

रविवारपर्यंत गाण्याखाली लोकांनी लिहून लिहून थैमान घातलं. सबा एकेक वाचायची आणि तिचा चेहरा उतरत जायचा. ‘हे तर आमच्या लहानपणच्या कॅसेटमधलं.’ ‘जुनी चाल चोरून मेलेल्या बापाच्या नावावर खपवून राह्यली.’ ‘अंगणवाडीत हेच शिकवता का ताई?’ एकाने तर लिहिलं, ‘कॅसेट राजूरच्या दुकानात भरली होती, आमच्या घरात होती.’

मला किती गोड वाटलं म्हणून सांगू! भोग आता, मी मनात म्हटलं. माझ्या मालाला हात लावतोस काय?

सोमवारी सबाने बापाला विचारलं. दोघंच असली की ते घरच्या बोलीत बोलतात.

“अब्बा, ये कैसेट अपनी दुकान की है क्या?”

गयासोद्दीन झेरॉक्सचे कागद जुळवत होता. “याद नहीं बेटा. कितने भरे, कितने गए.”

“गाना तो सुनो.”

“बाद में.”

त्याने ऐकलं नाही. पण कागद त्याने चारदा जुळवले. मी वरून बघत होतो.

बुधवारी संध्या स्वतःच आली. अंगणवाडीची साडी, खांद्याला पिशवी, उन्हाने चेहरा लाल. सबाने खुर्ची दिली, पाणी दिलं.

“सबा, ते गाणं काढून टाक माय,” ती म्हणाली. “मला बोलले त्याचं काही न्हाई. आमच्या आप्पाला चोर म्हणून राह्यले. आई बाहेर निघंना.”

“ताई, तुमच्याकडे त्यांच्या आवाजात काहीच नाही का? एखादी वही, काही?”

“आप्पाला लिहिता कुठं येत होतं? तोंडातच सगळं. घरी टेपबी कधी नव्हता. अन् आवाज…” तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “ते गेले तवा मी तेरा वर्षांची. आवाज विसरले मी. चाल तेवढी राह्यली.”

सबा उठली. स्टुलावर चढली, माळ्यावरचं कॅसेटींचं खोकं उतरवलं. चाळीसेक कॅसेटी. एकीवर नाव नव्हतं, फक्त हिरव्या शाईचा ठिपका. मी ती तत्काळ ओळखली. हीच ती, जिच्यावरून बाकी सगळ्या भरल्या.

“अब्बा, ये क्या है?”

गयासोद्दीनने बघितलं आणि मान खाली घातली.

मग मित्रांनो, सबाने मला खाली उतरवलं! पाकिटं बाजूला झाली, शिक्क्याचं पॅड गेलं. तिने मला ओढणीने पुसलं. त्याच ओढणीने! पिन बोर्डात घातली आणि माझा हिरवा दिवा लागला. तो मोबाइल बाजूला पालथा पडला होता. मी मनाशी म्हटलं, बघ, शेवटी माझ्याच दारी यावं लागलं.

डावी खिडकी उघडली. ठिपक्याची कॅसेट आत गेली. सबाने बटण दाबलं.

माझ्या पोटात नुसती घरघर झाली. एक चाक फिरलं, दुसरं फिरलं नाही. इतक्या वर्षांत माझा रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता, आणि मला तो आहे तसाच वाटत होता. टेप आत ओढली गेली, गोळा झाली, चाकाला गुंडाळली. भिवाचा आवाज निघाला, पण शब्द नाही. बैल हंबरावा तसा एकच लांब, वाकडा स्वर. मग कट्ट झालं.

मी मुद्दाम केलं नाही. पण इतके दिवस मी काय काय मागितलं होतं, तेही मला आठवलं.

गयासोद्दीन धावला. त्याने माझ्या तोंडातून टेप सोडवली. हातभर टेप चुरगळली होती, एका जागी तुटली होती. संध्या उभी राहिली. ती रडली नाही. तुटलेली टेप तिने बोटावर घेतली आणि उजेडात धरून बघितली, जणू तिथे काही लिहिलेलं दिसेल.

“राहू द्या चाचा,” ती म्हणाली. “एवढंच ऐकायचं नशिबात होतं.” मग सबाकडे वळली. “काढ ते गाणं. आत्ताच काढ.”

सबाने मोबाइल उचलला. अंगठा काचेवर नेला आणि बापाकडे बघितलं.

मित्रांनो, मी आता दुरुस्त होईन का, मला ठाऊक नाही. जालन्याला एक कारागीर आहे म्हणतात. पण माझं एक मागणं ऐका. कुणाचं गाणं आवडलं आणि पुढे पाठवलंत, तर गाणाऱ्याचं नाव संगती पाठवत जा. नाव मागे ठेवून नुसतं गाणं पळवू नका. मी तीस वर्षं ते गाणं पोटात घेऊन बसलो, ते माझं आहे म्हणत बसलो, आणि ज्या दिवशी ते एका लेकीला परत द्यायचं होतं त्या दिवशी मला चार शब्द बोलता आले नाहीत. मोबाइलचा हेवा मला अजून वाटतो. पण त्या दिवशी दुकानात बोलू शकणारा एकच जण होता, आणि तो यंत्र नव्हता.

“थांब सबा,” गयासोद्दीन म्हणाला. तो मराठीत बोलला, संध्याला कळावं म्हणून. “त्या मोबाइलात माझा आवाज भर. अन् गाण्याखाली टाक.”

सबाने मोबाइल त्याच्यासमोर धरला. बाहेर नारळ फोडल्याचा आवाज येत होता. तो थांबल्यावर गयासोद्दीन बोलायला लागला.

“मी गयासोद्दीन, राजूरचा कॅसेटवाला. हे गाणं हसनाबादच्या भिवाचं हाय. शब्द त्याचे, चाल त्याची. माझ्या दुकानात, माझ्यासमोर गायला. ते मी लोकाच्या कॅसेटीत भरलं, त्याला न विचारता.” त्याने संध्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. “एकदा येष्टी स्टँडावर भेटल्ता मला. हातात कुदळ होती. म्हणला, गयासभाई, गाणं लई गावाला गेलं म्हणतेत. माझं नाव सांगता ना लोकाला? मी म्हणलो, हौ, सांगतो की, बराबर सांगतो. लई खूश झाला. मला च्या पाजला त्यानं.”

सबाचा हात हलला नाही.

“भोकरदनचे दुकानवाले त्याला बोलावतील, असं वाटायचं मला. गाणं माझ्याकडंच राह्यावं. जळत होतो मी. तो मरेपर्यंत एका माणसाला नाव सांगितलं न्हाई, पोरी. एकालाबी न्हाई.”