जेवण होईपर्यंत

जावई यायच्या आधीच आजीने घरातले सगळे सुरे गोळा करून कपाटात टाकले आणि कुलूप लावलं. नवरा पडला खाटीक, त्यात राग कायम नाकाच्या शेंड्यावर! गेल्या खेपेला त्याने जावयाला दारातच असा हाणला होता, की दोन दात पायरीवर सापडले.

आज तसं होऊन चालणार नव्हतं. लेक देवाघरी गेली, मागे राहिली सहा वर्षांची नात. जावयाला आता दुसरं लग्न करायचं होतं. पोरगी तुमच्याकडे ठेवा, सही करून देतो, म्हणाला होता. पण मानाने जेवू घातलंत तर, आणि तेही जेवण झाल्यावर! आल्या आल्या पोरीला शेजारी बसवून कागद टेबलावरच ठेवला होता मेल्याने.

म्हणून तिने खाटकाला स्वयंपाकघरात मटणापाशी बसवलं आणि पाहुण्यांपाशी स्वतः बसायचं ठरवलं. पण बसते कुठली! मटण करपू नये म्हणून आत, जावई रुसू नये म्हणून बाहेर. नुसती तारेवरची कसरत.

"त्या नालायकाला माझ्या हातचं मटण?" आत खाटीक दात खात होता. "नरडीचा घोट घेतो त्याच्या!"

"घ्या. आणि नात घालवून बसा," ती कुजबुजली. "डोक्यावर बर्फ ठेवा आणि ढवळा."

त्याने भिंतीवर ठोसा मारला. बोटांची सालं निघाली, फळीवरच्या थाळ्या खणखणल्या.

"काय पडलं?" बाहेरून जावयाचा आवाज.

"मांजर हो, जावईबापू!" म्हणत ती धावली. भात वाढला, हसली, पुन्हा आत पळाली. तो काय बोलतोय याकडे तिचं लक्षच नव्हतं. "हो का? अगंबाई!" एवढंच ती म्हणायची.

"आई, बसा की जरा," शेवटी जावई तोंड वाकडं करून म्हणाला. "पाहुण्यांना असं एकटं टाकतात का?"

खरंच होतं ते. तिने हात पुसले आणि नातीशेजारी बसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिने पोरीकडे नीट पाहिलं.

पोरीने घासही घेतला नव्हता. जावयाने मिठासाठी हात लांब केला, तशी तिने खांदे कानांपर्यंत ओढले आणि डोळे घट्ट मिटले. फ्रॉकची कॉलर सरकली. मानेवर चार बोटांचे काळेनिळे वळ होते.

लेक शेवटची जेवायला आली होती, तेव्हा तिच्याही गळ्याला रुमाल होता. आई, बस ना जरा, असं तीही म्हणाली होती. आणि आजी भात उतरवायला आत गेली होती.

आजीने पाण्याचा स्टीलचा जग दोन्ही हातांनी उचलला आणि जावयाच्या तोंडावर घातला. नाकाचं हाड काडकन मोडलं. तो खुर्चीसकट उलटा पडला, तरी ती त्याच्या छाताडावर बसून हाणतच राहिली. "माझी लेक खाल्लीस! आता हिला खातोस?"

खाटीक धावत आला आणि त्याने तिला कमरेला धरून ओढलं. "अगं सोड, मरेल तो!"

जावई रक्त थुंकत उठला. त्याने कागदाच्या चिंध्या केल्या. पोरीकडे वळला, पण मध्ये खाटीक उभा होता. "पोलीस घेऊन येतो," म्हणत तो भेलकांडत बाहेर पडला.

"आण! त्यांनाच दाखवते हिची मान!" आजी धापा टाकत ओरडली. मग खाली बसून तिने नातीकडे हात पसरले. "ये गं माझी राणी."

पोरगी खाटकाच्या पायांना मिठी मारून उभी होती.

"आजी, मी सगळं जेवते," ती म्हणाली. "मला नको मारूस."