गुरुजींच्या हाताचा गुण

गुरुजींच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध होता त्यांच्या आईने पंचेचाळीस वर्षांपूर्वी घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर. पत्र्याचा, लांबोडका. सोंडेमुळे घरात त्याला सगळे ‘हत्ती’ म्हणत. सुनेने बटण दाबलं. हूं नाही की चूं नाही. शेजारणीने दाबलं. ढिम्म! मग गुरुजी पुढे आले, कण्हत खाली बसले, हत्तीच्या पाठीवर तळवा टेकवला, बटण दाबलं आणि म्हणाले, “चल बाबा!”

घर्रर्र! हत्तीने कुणाचा तरी पायमोजा गिळला आणि टाळ्या पडल्या.

“हाताला गुण आहे हो गुरुजींच्या!” शेजारीण म्हणाली.

गुरुजींनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. ‘कारण सापडल्याशिवाय पान उलटायचं नाही’ असं मुलांना दटावलं होतं. आठवड्यापूर्वी हे कौतुक पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ते हसले. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून स्वतःचा तळवा भिंगाखाली धरला. रेषा जरा निराळ्याच वाटल्या बुवा!

मग लोकांचे मिक्सर आले, इस्त्र्या आल्या. दहातली एखादी वस्तू सुरू होई, तिचा गावभर बोभाटा होई. उरलेले नऊ जण गुपचूप घरी जात. “‘चल बाबा’ किती वेळा म्हणायचं?” असं कुणी विचारलं, तर गुरुजी गंभीरपणे “तीनदा” म्हणून ठोकून देत. तीनदाच का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आज टाळ्या ओसरल्यावर गुरुजींनी हत्ती बंद केला, तसा कोपऱ्यावरचा शिंपी पुढे सरकला. चेहरा पांढराफटक.

“गुरुजी, तीन दिवस झाले, जिना चढलो की छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय. डॉक्टर म्हणतात, लगेच तपासण्या करा. म्हटलं, आधी तुमचा हात फिरवून घेऊ.”

हे आपलं काम नव्हे, हे गुरुजींना कळत होतं. तरी हात उचलला गेलाच.

“आजोबा, थांबा!” सातवीतली नात गर्दीतून आत घुसली. कवेत जाडजूड शब्दकोश. तिने हत्तीवर आजोबांच्या तळव्याच्या जागी शब्दकोश धप्पकन ठेवला आणि बटण दाबलं.

घर्रर्र!

“अगं, पण ‘चल बाबा’ कुठे म्हणालीस?” शेजारीण चक्रावली.

“दोन्ही शब्द आत आहेत की, काकू!”

खोलीत हशा पिकला. नातीने प्लग काढला. “आजोबा, तुमचा गुडघा दुखतो ना? म्हणून बसताना तुम्ही सगळा भार याच्यावर टाकता. तेव्हा झाकण खाली दबतं. मी रोज बघते.”

गुरुजींनी स्क्रू काढून झाकण उघडलं. बटणाकडे जाणारी वायर आतल्या आत तुटलेली. झाकण दाबलं की दोन्ही टोकं एकमेकांना टेकायची आणि वीज पुढे जायची. एवढंच! आग लागली नाही, हे नशीब.

“पण माझी इस्त्री सुरू झाली होती,” शिंपी कळवळून म्हणाला.

“ज्यांच्या वस्तू सुरू झाल्या नाहीत, त्यांनी हात वर करा,” गुरुजी म्हणाले. एक हात वर आला, मग दुसरा, मग जवळजवळ सगळी खोली. गुरुजींचे कान लाल झाले.

“बघितलंत? या हातात फक्त माझं वजन आहे. आठवडाभर मी स्वतःलाच फसवलं, तुम्हाला बरोबर घेऊन. तुम्ही चला डॉक्टरकडे, मी येतो तुमच्याबरोबर.”

तपासणीत कळलं, शिंप्याच्या हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. “आणखी दोन दिवस थांबला असतात, तर कठीण होतं,” डॉक्टर म्हणाले. शिंपी वाचला. नवी वायर घातलेला हत्ती आता कुणीही बटण दाबलं तरी चालतो.

मुलांनो, दुसऱ्याच्या चमत्काराचं कारण कुणीही शोधेल. लोक आपल्यालाच थोर म्हणू लागतात, तेव्हा ते शोधावंसं वाटत नाही. नेमकं तेव्हाच झाकण उघडून बघा. आणि छातीत दुखलं, तर सरळ डॉक्टरकडे जा.