डोंग्याची बाजू

अर्जुनी मोरगावकडच्या तलावांवर ढिवर लोक मासा हाकून धरतात. एका अंगाला जाळं लावायचं आणि दुसऱ्या अंगाने डोंगा, म्हणजे लहान होडी, आणत बांबूने पाणी बडवायचं. मासा घाबरतो, सरळ पळतो, जाळ्यात येतो. चैतरामला हीच विद्या येत होती. म्हणून थोरल्या मुलीला, हर्षाला, त्याने पोहायलाही तशीच शिकवली.

हर्षा तेव्हा सात वर्षांची होती. ती पाण्यात, तिच्या डाव्या हाताला बापाचा डोंगा, आणि डोंग्यात उभ्या बापाच्या हातात हिरवा बांबू. पहिला फटका पाण्यावर पडे. हात ढिले पडले की दुसरा टाचेवर, तिसरा पाठीवर. "पाय मार, नाही तं मी मारतो," चैतराम म्हणे. घरी आई, धुरपता, वळांवर हळद लावायची आणि नवऱ्याला काही बोलायची नाही. बोलली की तोच बांबू तिच्यावर फिरे.

पोरगी मात्र पाण्यात पळायला लागली. तेराव्या वर्षी जिल्ह्यात पहिली, पंधराव्या वर्षी नागपूरच्या क्रीडा वसतिगृहात, सतराव्या वर्षी राज्याचं सुवर्णपदक. पानठेल्यावर चैतराम सांगे, "नागपूरच्या सरानं थोडीच शिकवलं तिले? माह्या बांबूनं घडली." लोक हसत आणि त्याला चहा पाजत.

अठराव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत आठशे मीटरची अंतिम शर्यत होती. पहिल्या दोघी थेट भारताच्या संघात जाणार होत्या. शेवटच्या पन्नास मीटरला हर्षा दुसरी होती. तिच्या उजव्या पट्ट्यातली मुलगी तिला गाठून पुढे गेली, आणि भिंतीला हात लागेपर्यंत हर्षाला ते कळलंच नाही.

प्रशिक्षक इंद्रकुमार सरांनी मोबाइलवर तिला शर्यत दाखवली. "सोळा फेऱ्या. उजवीकडे एकदाही श्वास घेतला नाहीस. तीन वर्षं सांगतोय मी."

हर्षा त्यावर पहिल्यांदाच बोलली. "डाव्या बाजूनं बाबाचा डोंगा राहे, सर. बांबू येताना दिसला तं अंग चोरता येते. तोंड तिकडून फिरवलं का मार कुठं बसंल ते समजत नाही."

"इथे कुठे आहे डोंगा?"

"मले मालूम आहे. मानेले मालूम नाही."

सरांनी मोबाइल बंद केला. मग म्हणाले, "दोन महिन्यांनी निवड चाचणी आहे. एकच जागा उरलीय. मान वळली नाही, तर ती जागाही गेली."

चार दिवसांची सुटी काढून हर्षा गावी आली, ती सरळ तलावावरच. पाण्यात तिची आठ वर्षांची बहीण रीना होती. डावीकडे डोंगा. रीनाच्या दंडावर वळ उठले होते, ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं होतं, आणि प्रत्येक फटक्याआधी ती डावीकडे बघत होती.

हर्षा कपड्यांनिशी पाण्यात शिरली आणि रीनाला उचलून काठावर उभ्या आईजवळ देऊन आली.

"तिले कायले काढलं?" चैतराम म्हणाला. "तुह्यापेक्षा तेज आहे थे."

"आता मले हाका, बाबा. जसे हाकत होते तसेच. मी उजवीकडं पाहीन."

"हारून आली न मले शिकवून राहिली?"

"मारा."

तो मारायला लागला. पहिल्या फटक्याला पाणी फुटलं आणि हर्षाची मान आपोआप डावीकडे गेली. दुसरा फटका खांद्यावर बसला. हात बधिर झाला, तोंडात पाणी गेलं. तिने दात आवळून तोंड उजवीकडे काढलं. तिकडे मोकळं पाणी होतं, बेशरमाची झुडपं होती. तिसऱ्या फटक्याने कानामागची कातडी फाटली. पाण्यात लाल धागा पसरला. तिने पुन्हा उजवीकडेच श्वास घेतला.

पोरगी बघत नाही हे पाहून चैतराम पिसाळला. "इकडं पाह्य," तो ओरडत होता. "इकडं पाह्य, मी मारून राहिलो." फटके मोजण्यापलीकडे गेले. ती बघत नव्हती.

पलीकडच्या काठाला ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. येणारा बांबू तिने तळहातावर झेलला, हिसकला आणि दोन्ही हातांनी उगारला.

चैतरामने डोळे गच्च मिटले. त्याचा डावा खांदा कानापर्यंत वर गेला. अगदी तिच्यासारखा, अगदी रीनासारखा. त्याच्या लहानपणी डोंग्यात कोण उभं होतं, हे हर्षाला विचारावं लागलं नाही.

बांबू खाली आला तो डोंग्याच्या काठावर, त्याच्या गुडघ्यापासून चार बोटांवर. पेरापर्यंत चिरला.

"रीनाले आता कोणी हाकणार नाही," ती म्हणाली. "हाकलं तं पुढचा फटका लाकडावर नाही पडणार."

चैतरामने डोळे उघडले नाहीत. चिरलेला बांबू ओढत ती काठाकाठाने चालत आईकडे गेली.

चाचणीच्या दिवशी कानामागच्या टाक्यांची खूण टोपीखाली होती. शेवटच्या पन्नास मीटरला सगळ्यांच्या पुढे असलेल्या हर्षाने उजवीकडे श्वास घेतला आणि तिला शेजारच्या मुलीची लाल टोपी दिसली, खांद्याच्या बरोबरीला आलेली. तिने पाय मारले. पुढच्या श्वासाला टोपी कोपराशी होती, त्याच्या पुढच्याला कमरेशी. भिंतीला हात लागेपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.