कानबाईची ओहोटी

सुरतेत प्लेग आला त्या साली तिथल्या उधन्याची अर्धी चाळ गाडीला लटकून खानदेशात पळाली, त्यात धर्मेंद्रचे मायबापही होते. बाकीचे हळूहळू परतले, हे दोघं मात्र अमळनेरकडेच राहिले. धर्मेंद्रला नोकरी लागली होती, म्हणून तो एकटा मागे उरला. नोकरी तरी कसली, तर समुद्रात तेल सांडलं तर ते कुठे जाईल हे कॉम्प्युटरकडून काढायचं! देसाईसाहेबांनी जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याच्या पुढ्यात आदळलं, "तुं शीख, पछी मने शीखवजे," म्हणाले आणि शिकायचं-शिकवायचं दोन्ही त्याच्यावर टाकून मोकळे झाले.

वारा भरायचा, प्रवाह भरायचा, भरती-ओहोटी भरायची, मग पडद्यावर तेलाचे ठिपके सरकायला लागायचे. एकदा तो किनाऱ्याची रेघच भरायला विसरला, तर तेल खुशाल जमीन तुडवत बारडोलीच्या उसात शिरलं. धर्मेंद्र पोट धरून हसला. मान वळवून पाहिलं तर खोलीत फक्त पंखा फिरत होता. चाळीत सांगावं, तर लोक विचारणार, "तेल सस्तं भेटस का रे?" हसू वाटून घ्यायला माणूस नसावं, यासारखं वाईट काही नाही.

श्रावणात साहेबांनी परीक्षा ठेवली. तेल काही सांडता येत नाही, म्हणून तापीच्या मुखाशी नारळ सोडायचे आणि ते कॉम्प्युटरने सांगितल्या जागी लागतात का पाहायचं. नारळ ओळखू यावेत म्हणून धर्मेंद्रने ते लाल रंगवले. ओहोटी पाहून त्याने सोमवार धरला, आणि नारळाच्या रूपात बसवलेल्या कानबाई देवीला नदीत बोळवायचा हाच सोमवार, हे खानदेशी असून साफ विसरला.

आठवण करून दिली ती मायने, दोन दिवस आधी फोनवर. कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे असतात. माय म्हणाली, "मांगला साल तू उना नई, तुना रोट गायले चारना पडना. औंदा तुन्या नावनी मूठ लेवू का नको?"

"सांगस माय," तो म्हणाला, आणि कामाच्या घाईत सांगायचं राहून गेलं.

सोमवारी नारळ सोडले आणि मंगळवारी साहेब जीपने त्याला किनाऱ्यावर घेऊन गेले. कॉम्प्युटरने दाखवलेल्या चिखलाच्या काठावरच लाल नारळ लागले होते. साहेबांनी मोजले, पुन्हा मोजले आणि ओरडले, "अरे, छोड्या एना करतां एक वधारे छे!"

जास्तीचा नारळ कुंकवाने लाल होता. त्याला काजळाचे डोळे होते, मण्यांची नथ होती. शहरातल्या घाटावर कुणी तरी वाजतगाजत बोळवलेली कानबाई इथे चिखलात एकटी पडली होती.

"फोड, खाईए," साहेब म्हणाले.

"हा नाही, साहेब."

त्याने तिला धुतलं आणि पाण्यात सोडायला वाकला, पण थांबला. आत्ता भरती होती. सोडली तर ती पुन्हा याच चिखलात येणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? साहेब कंटाळून निघून गेले. धर्मेंद्र तिला मांडीवर घेऊन पाणी फिरायची वाट पाहत बसला. दुपार कलली, ओहोटी लागली, तेव्हा कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्याने तिला वाटेला लावलं.

ओल्याच कपड्यांनी त्याने फोन गाठला. "माय, मी कानबाई बोळाईसन उनू. मन्या नावनी मूठ लिधी का?"

"नई रे पोऱ्या. तू काही बोलनाच नई."

रागवायला त्याला तोंडच नव्हतं.

"कानबाई बोळावाले तठे कोना संगे गयथा?" मायने विचारलं.

"एकलाच व्हतू. पन तिले एकली नई जाऊ दिधं."

माय म्हणाली, "पुढला साल तुनी मूठ मी न इचारताच लेसू."